ताजं माळवं गरजू घरापर्यंत, मान राखून: सांगलीत हे काम कसं सुरू करावं

रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाजी मिळत नाही. सांगली, मिरज, कुपवाडात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे धान्य असतं आणि कोरड्यासाला मात्र रोज चटणी. आणि हे कुठे, तर कृष्णाकाठच्या वांग्यांच्या मुलखात, जिथे भाव पडला की टोमॅटो बांधावर ओतला जातो. ते माळवं या घरांपर्यंत न्यायला फार मोठी संस्था लागत नाही. गल्लीतलं मंडळ, बचत गट, भिशीतल्या चार-पाच जणी, कुणीही हे करू शकतं. फक्त घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशी मांडणी पहिल्या दिवसापासून हवी.

आधी रेशन सुरू आहे का बघा

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, तर सगळ्यात गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क आहे. तो सुटला असेल तर आपल्या दोन जुड्यांनी काही भागत नाही. अडतं ते बहुतेक वेळा साध्या गोष्टीपाशी: आधार जोडलेलं नाही, सुनेचं नाव कार्डावर चढलेलं नाही, कष्टानं झिजलेल्या बोटाचा ठसा मशिन घेत नाही. अशा माणसाबरोबर तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतः जाऊन या. तक्रारीसाठी १९६७ हा हेल्पलाइन नंबर आहे.

ऊसतोडीला बीडहून आलेल्या कुटुंबांना इथल्या दुकानातही धान्य घेता येतं, कार्ड गावचं असलं तरी. घरातले काही जण इथे आणि म्हातारी माणसं गावी, असं वाटूनही उचलता येतं. हे अनेकांना ठाऊकच नसतं, म्हणून आपण होऊन सांगायचं.

घरं कशी शोधायची

चौकात यादी करू नका, ग्रुपवर 'कुणाला गरज आहे का' असं टाकू नका. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतल्या बाई यांना कुठल्या घरात काय चाललंय ते बरोबर माहीत असतं. त्यांच्याकडून नावं मागायची नाहीत, मंडईत दाखवून भाजी घेता येईल अशी कूपनं त्यांच्या हातात द्यायची. उत्पन्नाचा दाखला तर अजिबात मागू नका. एखादा गरज नसताना घेईल, घेऊ दे. दाखल्याची अट घातली की सगळ्यात आधी मागे सरते ती खरी गरजू बाई.

मंडईचं कूपन: या कामाचा कणा

पिशव्या भरून वाटण्यापेक्षा कूपन कितीतरी पटीनं बरं, असं माझं ठाम मत आहे. भरलेल्या पिशवीत दोडका आला आणि घरात कुणी दोडका खात नसेल तर तो वाया जातो, वर 'देऊनही खात नाहीत' असं ऐकावं लागतं. कूपन घेऊन गेलेली बाई गिऱ्हाईक असते.

"मावशी, ही नको, देठ वाळलंय. ती काटेरी देठाची द्या."

"घे की गं, तुला पाहिजे ती निवड."

वांगं बोटानं दाबून बघायचं, गवारीची शेंग मोडून बघायची, दोन रुपयांवरून घासाघीस करायची, हे सगळं तिच्याकडे राहिलं पाहिजे.

मांडणी अशी करा. शिवाजी मंडईत किंवा तुमच्या भागातल्या बाजारात दोन-तीन भाजीवाल्यांशी बोला. कूपन १० आणि २० रुपयांचं ठेवा, त्यावर भाजीचं नाव किंवा वजन नको. 'मोफत', 'गरजू', 'मदत' असले शब्द तर चुकूनही छापू नका. सुट्टे द्यायची वेळ आली तर वरचे दोन-तीन रुपये कोथिंबीर-मिरचीत भागतात, मंडईला त्याची सवयच आहे.

भाजीवाल्या मावशी पहाटे सौद्यात रोख मोजून माल उचलतात. त्यांचे पैसे महिनाभर अडकवले तर दुसऱ्या आठवड्यात कूपन बघून त्यांचं तोंड वाकडं होईल, आणि ते तोंड बघावं लागेल गरजू बाईला. म्हणून आठवड्याचे पैसे आधीच त्यांच्याकडे जमा ठेवा, कूपनं परत आली की वहीत वजा करा.

सगळ्यात महत्त्वाचं: हीच कूपनं पैसेवाल्यांनीही वापरली पाहिजेत. सोसायटीतल्या लोकांनी महिन्याची भाजी आगाऊ कूपन घेऊन भरावी, हळदी-कुंकवाला वाण म्हणून कूपन द्यावं. डॉक्टरीणबाई आणि त्यांच्याकडे धुणं-भांडी करणारी ताई एकाच पाटीसमोर एकच कागद पुढे करतात, तेव्हा कुणाचं काय ते कुणालाच कळत नाही. हे जमलं नाही तर कूपनच ओळखीचा शिक्का होऊन बसेल.

किती द्यायची? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. म्हणजे चौघांच्या घराला रोज दीड किलोहून जास्त. तेवढं सुरुवातीला झेपणार नाही. निम्म्यापासून सुरू करा, पण दर आठवड्याला ठरल्या वारी द्या.

शेतातला जादा माल

भाव पडला की शेतकऱ्याला फोन करा, पण फुकट मागू नका. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं तरी द्या, तोही अडचणीतच असतो. माल आला की निवडा. कसोटी एकच: हे मी माझ्या घरी नेईन का? 'गरिबाला चालतंय' हे वाक्य गटात कुणी बोललं तर तिथेच थांबवा. २०१९ च्या महापुरात मदतीच्या नावाखाली आलेले जुन्या, फाटक्या कपड्यांचे ढीग सांगलीनं पाहिले आहेत.

हा माल वाटे लावून टेबलावर मांडा, शेजारी झाकणाला चीर पाडलेला डबा ठेवा. ज्याला जे टाकायचं ते टाकू दे, पाच रुपये किंवा काहीच नाही. डब्यात काय पडलं हे दिसत नाही, त्यामुळे पैसे नसलेलाही सगळ्यांच्यात येऊन वाटा उचलतो. पालेभाजी त्याच दिवशी संपवा. भोपळा, कांदा, बटाटा थांबतो.

ऊसतोड टोळीकडे जाताना

हंगामात ही कुटुंबं उजाडायच्या आत फडात असतात, बाजाराची वेळ त्यांना गाठता येत नाही. म्हणून संध्याकाळी खोपीवर हातगाडीवाल्यालाच पाठवा, कूपनं आधी टोळीतल्या बायकांकडे द्या, मुकादमाकडे नको. खोपीत फ्रीज नाही, तेलही बेतानं असतं. वांगी, कांदे, शेवग्याच्या शेंगा, मेथी चालते. तरी आपलं डोकं चालवण्याआधी त्यांनाच विचारा. बरोबर गेलात तर बसा, चहा देतील तो घ्या.

फोटो आणि हिशेब

फोटो काढायचा नाही. देणगीदारानं मागितला तरी नाही, पाठमोराही नाही. बॅनर नको, पाहुणे नकोत. हिशेब मात्र दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लावा: किती रुपये जमले, किती कूपनं गेली, मंडईला किती दिले. घरांची नावं कुठेच लिहू नका, स्वतःच्या वहीतही नाही.

पैसे आटायला लागले, आणि पावसाळ्यात भाजी महागली की ते आटतातच, तर कूपन अचानक बंद करू नका. महिनाभर आधी ताईंना आणि मंडईतल्या मावशींना स्पष्ट सांगा, घरटी रक्कम कमी करून सगळ्यांना चालू ठेवा, आणि मावशींकडे तुमचं काही देणं राहिलं असेल तर ते सगळ्यात आधी फेडा.