सर्च सर्व्हरची की ब्राउझरच्या हाती देऊ नका

इलॅस्टिकसर्च या सर्च सर्व्हरच्या आवृत्ती 8 पासून सुरक्षा मुळातच चालू असते. पहिल्यांदा सुरू करताना ‘इलॅस्टिक’ या मुख्य खात्याचा पासवर्ड टर्मिनलवर येतो. तो टिपून ठेवा, पण वेब क्लायंटमध्ये घालू नका. जावास्क्रिप्टमध्ये दडवलेलं काहीही ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये उघडं पडतं. म्हणून ब्राउझर आणि इलॅस्टिकसर्चच्या 9200 पोर्टच्या मध्ये एंजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा: लॉगिन तो तपासेल, सर्व्हरची एपीआय कीही, म्हणजे प्रोग्रामला प्रवेश देणारी गुप्त किल्लीही, त्याच्याचकडे राहील.

की बनवताना रोलचा (कोणते अधिकार द्यायचे तो) भाग रिकामा ठेवला, तर बनवणाऱ्याचे सगळे अधिकार तिला मिळतात. मुख्य खात्यातून अशी की काढली, तर ती अख्खा इंडेक्ससुद्धा, म्हणजे शोधायचा सगळा डेटा, उडवू शकते! एकाच इंडेक्सचं नाव आणि फक्त ‘रीड’ एवढंच लिहा. मुदत घाला, नाहीतर की आपोआप कधीच संपत नाही. उत्तरात येणारी ‘एन्कोडेड’ ओळ लगेच उतरवून घ्या. नंतर ती दिसत नाही.

आता एंजिनएक्स. त्यावर एचटीटीपीएस हवंच, कारण बेसिक लॉगिनमध्ये पासवर्ड फक्त बेस64 मध्ये गुंडाळलेला असतो, कुलूपबंद नसतो. पासवर्ड फाइल एचटीपासडब्ल्यूडी (htpasswd) या कमांडने बनवा. मात्र ‘सी’ फ्लॅग पहिला वापरकर्ता घालतानाच द्या. दुसऱ्यांदा दिलात तर जुनी नावं पुसली जातात. एंजिनएक्सच्या सेटिंगमधलं लोकेशन (कुठल्या पत्त्याच्या विनंत्या घ्यायच्या तो भाग) फक्त त्या इंडेक्सच्या सर्च पत्त्यापुरतं उघडा.

खरी गोची पुढे आहे. बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिनची चौकट पुन्हा पुन्हा उघडते. कारण ब्राउझरचं ऑथोरायझेशन हेडर (लॉगिनची माहिती नेणारी ओळ) एंजिनएक्स जसंच्या तसं पुढे पाठवतो, इलॅस्टिकसर्च ते खातं ओळखत नाही आणि 401 (ओळख पटली नाही) हा एरर परत येतो. त्याच लोकेशनमध्ये हे हेडर बदला: ‘एपीआयकी’ हा शब्द, एक स्पेस, मग ती एन्कोडेड ओळ.

मागच्या बाजूला, म्हणजे इलॅस्टिकसर्चच्या पत्त्यात, एचटीटीपी लिहिलंत तर 502 (मागच्या सर्व्हरचं नीट उत्तर नाही) हा एरर दिसेल. 9200 वरही टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) असतं. एंजिनएक्स मागचं प्रमाणपत्र आपणहून तपासत नाही. ती तपासणी चालू करून इलॅस्टिकसर्चने बनवलेली सीए फाइल (प्रमाणपत्र खरं आहे का ते जिच्यावरून कळतं) दाखवा. लॉगिननंतर 403 आला, तर की चालतेय, अधिकार अपुरे आहेत: इंडेक्सच्या नावाचं स्पेलिंग आधी बघा.