मॅजेन्टो २ आणि रॅबिटएमक्यू: वेगळ्या सर्व्हरवर लॉगिन नाकारले जात असेल तर

लक्षण असे: रॅबिटएमक्यू (संदेशांच्या रांगा सांभाळणारी सेवा) मॅजेन्टोवरच्या ऑनलाइन दुकानाच्या सर्व्हरवर होते तोवर सगळे सुरळीत. ते दुसऱ्या मशीनवर हलवले आणि 'अ‍ॅक्सेस रिफ्यूज्ड' सुरू झाले. पासवर्ड पुन्हा टाकला, सेवा रीस्टार्ट केली, फायरवॉल तपासली. ५६७२ पोर्ट उघडाच होता. डोके पार भणाणून गेले.

उत्तर रॅबिटएमक्यूच्याच लॉगमध्ये होते: 'गेस्ट' हा आधीपासून असलेला युजर फक्त त्याच मशीनवरून, म्हणजे लोकलहोस्टवरून येऊ शकतो. ३.३.० आवृत्तीपासून हेच डिफॉल्ट आहे, आणि सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. ते बंधन काढू नका, नवा युजर करा.

रॅबिटएमक्यूसीटीएल या कमांडने आधी दुकानासाठी वेगळा व्हर्च्युअल होस्ट (रॅबिटएमक्यूमधला स्वतंत्र कप्पा) बनवा, मग युजर. त्यानंतर सेट_परमिशन्स चालवा, त्यात -पी देऊन तोच व्हर्च्युअल होस्ट लिहा आणि कॉन्फिगर, राइट, रीड या तिन्हींना ".*" द्या. ही पायरी राहिली तर पासवर्ड बरोबर असूनही व्हर्च्युअल होस्ट दार उघडत नाही.

आता मॅजेन्टोच्या एन्व्ह.पीएचपी या सेटिंग फाइलमध्ये क्यू विभागातल्या एएमक्यूपीखाली होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड आणि व्हर्च्युअलहोस्ट भरा. मॅजेन्टोची सेटअप:अपग्रेड कमांड चालवा, एक्स्चेंज (संदेश योग्य रांगेत पाठवणारे) आणि क्यू (संदेशांच्या रांगा) त्यातच तयार होतात. क्यू तपासायला रॅबिटएमक्यूसीटीएलची लिस्ट_क्यूज चालवाल तेव्हा तिलाही -पी द्या, नाहीतर ती डिफॉल्ट व्हर्च्युअल होस्ट दाखवते आणि यादी रिकामी वाटते.

क्यू दिसूनही संदेश साचत असतील तर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा) पाहा. रांगेतले संदेश उचलणारा कन्झ्युमर तोच सुरू करतो.