मेंदूत औषध न्यायचंय? पार्टिकल बनवणं सोपंय, पोचलं हे दाखवणं अवघड

एम.फार्म.च्या प्रोजेक्टला नॅनोपार्टिकलने (अतिसूक्ष्म कणांनी) मेंदूत औषध न्यायचा विषय घेतलेलं कोणी ना कोणी दरवर्षी मला विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हे फक्त लॅबपुरतं आहे बरं का, माणसांवर काही करायचं नाहीये.

आधी एक गैरसमज काढा, की कण बारीक असला की आपोआप मेंदूत जातो. १८८५ मध्ये एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांना रंग टोचला तर बाकी अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. कारण मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधे फट अशी नसतेच, आणि चुकून पेशीत काही शिरलं तर पी-ग्लायकोप्रोटीनचा पंप बरीचशी औषधं परत रक्तात फेकतो. त्यामुळे व्हायवात "सर, नॅनो आहे म्हणून घुसतं" असं बोललात तर मेलात, दीडशे नॅनोमीटरचा कण त्या जागेपुढे हत्ती आहे. पेशीने स्वतः गिळून पलीकडे सोडला तरच तो जातो.

हात बसवायला हळदीतलं करक्यूमिन घ्या, स्वस्त आहे आणि स्वतःच चमकतं. ५० मिलिग्रॅम पीएलजीए (शरीरात हळूहळू विरघळणारा पॉलिमर) आणि ५ मिलिग्रॅम करक्यूमिन ५ मिली ॲसिटोनमध्ये विरघळवा, आणि १ टक्का प्लुरॉनिक एफ-६८ (कणांना एकमेकांना चिकटू न देणारा सर्फॅक्टंट) घातलेल्या २० मिली पाण्यात स्टरर चालू ठेवून सिरिंजने थेंब-थेंब सोडा, घाई केली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. फ्यूम हूडमध्ये उघडं ठेवून ॲसिटोन उडू द्या, तीन-चार तास तरी. मग सेंट्रीफ्यूज करून धुवा. साइज १०० ते २०० नॅनोमीटरच्या मधे आणि पीडीआय (कणांचे आकार किती कमी-जास्त आहेत याचा आकडा) ०.२ च्या खाली आला तर पुढे जा, नाहीतर परत बनवा.

आता खरी गंमत कोटिंगची. धुतलेले पार्टिकल १ टक्का पॉलिसॉर्बेट ८० (हाही एक सर्फॅक्टंट) मध्ये अर्धा तास ठेवा. फ्रँकफर्टच्या क्रॉयटर यांच्या ग्रुपने १९९५ मध्ये वेगळ्या पॉलिमरच्या कणांवर हेच कोटिंग लावून डालार्जिन हे पेप्टाइड उंदरांना दिलं आणि वेदना कमी झाल्याचं दाखवलं, नुसतं डालार्जिन शिरेतून दिलं तर तसं होत नाही. नंतरचं स्पष्टीकरण असं की या कोटिंगवर रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई (अपो-ई, चरबी वाहणारं प्रथिन) येऊन चिकटतं आणि वाहिनीच्या पेशीला वाटतं कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएलचा कण आलाय, म्हणून ती रिसेप्टरने आत ओढते. इथेच बरेच जण फसतात, ट्रान्सवेलमध्ये (पडद्यावर पेशी वाढवून आरपार काय जातं ते बघायच्या भांड्यात) सीरम नसलेल्या मीडियात टेस्ट करतात, तिथे अपो-ई आहेच कुठे? आधी पार्टिकल प्लाझ्मात भिजवा. शिवाय सीरम नसलेल्या न्यूट्रल बफरमध्ये करक्यूमिन अर्ध्या तासात बहुतेक सगळं फुटतं, म्हणजे दुहेरी घोळ.

पॉलिसॉर्बेटऐवजी कणांवर ट्रान्सफेरिन रिसेप्टरची (पेशीत लोह आत ओढणाऱ्या रिसेप्टरची) अँटिबॉडी लावायची असेल तर जितकी घट्ट चिकटेल तितकी चांगली असं समजू नका. फार घट्ट धरली की ती पेशीतच अडकते, पलीकडे सुटतच नाही.

उंदरांवर जाण्याआधी प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागतेच, त्याला महिनेही लागतात, पहिल्या सेमलाच अर्ज टाका. आणि मेंदू काढण्याआधी हृदयातून सलाईन सोडून रक्त धुऊन काढा, नाहीतर वाहिन्यांत उरलेल्या रक्तातलं औषध तुम्ही "मेंदूत पोचलं" म्हणून मोजाल. धुऊनही वाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले कण राहतातच, म्हणून कुटलेला मेंदू डेक्सट्रानच्या द्रावणात सेंट्रीफ्यूज करून वाहिन्या आणि उरलेला मेंदू वेगळे काढायचे आणि दोन्ही भाग वेगळे मोजायचे.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. पार्टिकलला लावलेला डाय (चमकणारा रंग) मेंदूच्या स्लाइसमध्ये मस्त चमकला, आख्ख्या लॅबला वडापाव खिलवला, आणि नंतर कळलं की डाय पार्टिकलमधून सुटून एकटाच पळाला होता. तेव्हापासून नुसत्या डायचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) ठेवल्याशिवाय मी फोटो कोणाला दाखवत नाही.

अजून दोन कंट्रोल लागतात. कोटिंग नसलेले पार्टिकल, आणि कोटिंगवाले रिकामे पार्टिकल अधिक सुटं औषध. हा दुसरा यासाठी की १९९९ मध्ये काही जणांनी आक्षेप घेतला होता, पॉलिसॉर्बेटवाले कण कसली वाहतूक करत नाहीत, विषारी असल्यामुळे मेंदूतल्या वाहिन्यांची भिंतच फोडतात. ते तपासायला सोडियम फ्लुरेसिन (एरवी मेंदूत फारसा न शिरणारा रंग) टोचा, तेही मेंदूत जास्त दिसलं तर तुमचं डिलिव्हरी नाही, तोडफोड आहे. आणि दिलेल्या डोसच्या एक टक्काही मेंदूत सापडला नाही म्हणून रडू नका, या फील्डमध्ये आकडे बहुतेक तेवढेच येतात.