प्रवासाला एकच झूम लेन्स न्यायची तर कोणती?

दुकानात लेन्स हातात घेतली की पहिला प्रश्न असतो, "लांबचं किती जवळ येतं?" त्याआधी विचारायचं ते हे: जवळून किती मावतं? वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात मागे मागे सरकताना पाठ कातळाला टेकते. तिथे लेन्सची रुंद बाजू कमी पडली तर काहीच करता येत नाही. लांबची बाजू थोडी कमी पडली तर फोटो क्रॉप करता येतो, म्हणजे कडा कापून मधला भाग मोठा करता येतो.

लेन्सवरचा एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंथ: तो जितका लहान तितकं दृश्य रुंद. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (यातला सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, मोठा असतो) दहा मीटरवरून २४ एमएमला १५ मीटर रुंदीचं दृश्य बसतं, २८ एमएमला जेमतेम १३ मीटर. चार एमएमच्या फरकात मंदिराची एक कड कापली जाते. दुसऱ्या टोकाला २०० ऐवजी १३५ एमएमच असेल, तर २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढाच जवळ दिसेल इतका क्रॉप केल्यावर सुमारे ११ मेगापिक्सेल उरतात. ए-४ प्रिंटला ते पुरतात.

लेन्सवरचे आकडे आपल्या सेन्सरप्रमाणे वाचा. फुल फ्रेमशी तुलना करायला निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर १.५ ने गुणायचं, कॅननच्या एपीएस-सीवर १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्सवर (सेन्सर आणखी लहान) २ ने. "पुढेमागे फुल फ्रेम घेऊच" म्हणून एपीएस-सी बॉडीवर २४-१०५ घेतली, तर ती ३६ पासूनच सुरू होते आणि घरात, वाड्यात, बोळात अडते. एपीएस-सीला १८-१३५ ते १८-१५० हा पल्ला बरा. सोनी, कॅननच्या मिररलेससाठीच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीच्या) अशा लेन्स सव्वातीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतात. फुल फ्रेमला निकॉनची २४-१२० एफ/४ ६३० ग्रॅमची आहे, कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४ ७०० ग्रॅमची. गड चढताना गळ्यात हे वजन जाणवतं.

अंदाजाने ठरवू नका. मागच्या दोन सहलींचे फोटो लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंथ निवडा आणि किती फोटो अगदी रुंद टोकाला आहेत, किती अगदी लांबच्या टोकाला, ते मोजा. पक्षी किंवा वाघ टिपायचे असतील तर मात्र २०० एमएमही कमीच. त्यासाठी वेगळी लेन्स लागते.

आता उजेड. लेन्सवर एफ/३.५-६.३ लिहिलं असेल तर झूम करत जाल तसं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, लहान होत जातं (एफ/चा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि ६.३ ला एफ/४ च्या तुलनेत अडीचपट कमी उजेड येतो. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारू देत नाहीत. समजा, तिथे एफ/४ ला ३२०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) शटरचा वेग १/३० सेकंद मिळतोय, एफ/६.३ ला तोच वेग हवा तर आयएसओ ८००० लागेल, आणि सावलीतले रंग दाणेदार होतील. स्टॅबिलायझेशन हात हलल्याची भरपाई करतं, समोरचा माणूस हलल्याची नाही. म्हणून लेणी, देवळं, संध्याकाळचे बाजार जास्त असतील तर पल्ला कमी असला तरी स्थिर एफ/४ (झूम केलं तरी एफ/४ च राहणारी) घ्या. दिवसाउजेडी डोंगर आणि किनारे असतील तर २४-२०० सारखी लेन्स उत्तम.

बहुतेक ट्रॅव्हल झूमची नळी बाहेर येते. बाहेर येताना ती बाहेरची हवा ओढते आणि आत जाताना नळीवरचं पाणी, धूळही आत नेते. पावसाळ्यात कोकणात झूम मागे घेण्याआधी नळी कोरड्या फडक्याने पुसा. एसी खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा चेन लावलेल्या बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. घरी हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा. ओल राहिली की काचेवर बुरशी धरते.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समांतर लावा, आणि रुंद, मधली, लांब अशा तीन फोकल लेंथना सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरवर फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात आहे. एकाच कोपऱ्यातली अक्षरं विरघळल्यासारखी दिसत असतील तर आतली काच तिरकी बसली आहे. दुसरा नग मागा. लेन्सचं तोंड खाली करून नळी आपोआप घसरते का ते पाहा. जुनी घेत असाल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून समोरून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.