एबीएसचा दिवा लागला? मॉड्यूल बदलण्याआधी सेन्सर बघा

जुन्या गाडीत एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला की लगेच महागडं मॉड्यूल, म्हणजे एबीएसचं कंट्रोल युनिट, बदलू नका. आधी एबीएस वाचणाऱ्या स्कॅनरवर दोषाचा कोड बघा. बहुतेकदा दोष एखाद्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा निघतो. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा चिखल सेन्सरच्या टोकाशी आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगमध्ये वाळून दगड होतो. चाक काढून दोन्ही मऊ ब्रशने साफ करा. वायर घासली का, कनेक्टर हिरवा पडलाय का तेही पाहा. कॉइलवाल्या सेन्सरचा रोध साधारण १ ते २ किलो-ओहम असतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघा. मल्टिमीटर रोधाचा आकडाच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, फक्त सेन्सर बदला.

सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर मात्र गाडी चालवू नका, टोइंग करून न्या.