जर्मनीतलं पहिलं सेमिस्टर: आठवडा कसा लावायचा

जर्मन विद्यापीठात ऑक्टोबर ते जानेवारी तुम्हाला कुणी काही विचारत नाही. बहुतेक लेक्चरना हजेरी नसते, युनिट टेस्ट नसते, सबमिशनसाठी मागे लागणारे सर नसतात. आणि फेब्रुवारीत ९० किंवा १२० मिनिटांच्या एका पेपरवर अख्ख्या विषयाचा निकाल लागतो. शेवटचा महिना रात्री जागून काढायची सवय घेऊन आलेली हुशार मुलं इथे अडकतात, कारण पेपर पाठांतर तपासत नाही. दर आठवड्याला मिळणाऱ्या शीटवरची (सरावाच्या प्रश्नांच्या कागदावरची) गणितं हात बसेपर्यंत केली आहेत का, एवढंच तो तपासतो. बऱ्याच अभ्यासक्रमांत एका पेपरला तीनच संधी मिळतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर प्रवेश जातो, आणि तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा पुढे चालू ठेवता येत नाही.

म्हणून आधी तासांचा हिशेब मांडा. एका सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ५ क्रेडिटचा एक विषय धरला तर सुमारे १५० तास झाले. त्याची लेक्चर आणि युबुंग (लेक्चरला जोडलेला सरावाचा तास) मिळून आठवड्याला साधारण ३ तास, म्हणजे १५ आठवड्यांत ४५. उरले १०५. त्यातले ३० परीक्षेच्या तयारीला ठेवले तरी ७५ तास, म्हणजे दर आठवड्याला ५ तास, स्वतः बसून करायचे आहेत. असे सहा विषय घेतले तर १८ तास वर्गात आणि ३० तास वर्गाबाहेर, एकूण ४८. वेळापत्रकात फक्त १८ तास दिसतात आणि 'वेळच वेळ आहे' असं वाटतं. उरलेले ३० तास त्याच कॅलेंडरमध्ये, लेक्चरसारखेच, जागा आणि वेळ लिहून टाका.

वेळापत्रक वाचताना एक बारीक अक्षर बघा. '१० सी.टी.' असं लिहिलं असेल तर तास १०:१५ ला सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. परीक्षा आणि कचेरीतल्या भेटी ठोक्यालाच असतात. तिथे पाव तासाची सवलत धरू नका.

शीटपासून आठवडा उलटा मोजा

प्रत्येक मोठ्या विषयाचं दर आठवड्याला एक शीट येतं. गणित, कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स अशा विषयांत अनेक ठिकाणी शीटवरचे एकूण निम्मे गुण मिळाले तरच परीक्षेला बसू देतात. ही अट पहिल्या लेक्चरला सांगतात आणि पुन्हा क्वचितच सांगतात, म्हणून पहिलं लेक्चर चुकवू नका.

समजा शीट सोमवारी येतं आणि पुढच्या सोमवारी सकाळी १० ला द्यायचं आहे. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी २० मिनिटं नुसतं वाचा आणि कुठल्या प्रश्नाला कुठलं लेक्चर लागेल ते समासात लिहा. मंगळवारी किंवा बुधवारी दोन तास एकट्याने झटापट करा; उत्तर नाही आलं तरी चालेल, कुठे अडलं ते नेमकं कळलं पाहिजे. गुरुवारी ट्युटरच्या वेळेत तोच अडलेला मुद्दा घेऊन जा. 'सर, काहीच कळलं नाही' म्हणालात तर ट्युटरला मदत करता येत नाही. 'दुसऱ्या पायरीपर्यंत आलो, इथे ही अट का लागते?' असं विचारलंत तर दहा मिनिटांत गाठ सुटते. शुक्रवारी गटात उत्तरं ताडून पाहा, शनिवारी सकाळी स्वच्छ लिहा. रविवार मोकळा राहतो, आणि काही फिसकटलं तर तोच राखीव.

शीट बहुतेकदा दोघातिघांच्या गटाने देता येतं. इथे एक सापळा आहे: 'पहिले दोन तू, पुढचे दोन मी' अशी वाटणी. गुण मिळतात, पण परीक्षेत तुम्ही अर्धा किंवा एक तृतीयांश विषयच केलेला असतो. सगळ्यांनी सगळे प्रश्न आधी एकट्याने करायचे आणि मग एकत्र बसायचं, हा नियम पहिल्याच आठवड्यात ठरवा. गटात निदान एक जण जर्मन किंवा दुसऱ्या देशाचा असू द्या. मराठी मित्र जवळ असणं मोठा आधार आहे, तो सोडू नका. पण विभागातल्या बातम्या, जुने पेपर आणि बदललेल्या खोल्या बऱ्याचदा जर्मन बोलणाऱ्या मुलांकडूनच कळतात.

आणखी एक: कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची नोंदणी बऱ्याचदा वेगळ्या पोर्टलवर, ठरलेल्या दिवसांतच होते. मुदत गेली की सगळी शीट्स पूर्ण असूनही त्या वेळचा पेपर हुकतो. तशीच पुढच्या सेमिस्टरची फी भरून करायची फेरनोंदणी, म्हणजे रूकमेल्डुंग. ती मुदतीत केली नाही तर नावच कमी होतं. दोन्ही तारखा पहिल्या आठवड्यात कॅलेंडरमध्ये टाका, १४ दिवस आधीच्या आठवणीसह.

नोकरीचे तास

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं (१ मार्च २०२४ पासून; त्याआधी १२० आणि २४० होते). ४ तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात धरतात. विद्यापीठातलं सहायकाचं काम या दिवसांत मोजत नाहीत. स्वतःच्या नावाने बिल देऊन केलेलं फ्रीलान्स काम मात्र वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. घरपोच डिलिव्हरीचं काम घेताना करार पगारी नोकरीचा आहे का ते बघा. कायदा काहीही देवो, वरचे ४८ तास विसरू नका. त्यात २० तासांची नोकरी घातली की ६८ होतात, आणि कमी होते ती झोप आणि शीट. पहिल्या सेमिस्टरला ८ ते १० तासांच्या पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ९९२ युरो सुटतात, ते याच काळासाठी आहेत.

शनिवार, रविवार आणि किचन

रविवारी सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या स्टेशनमधली काही दुकानं उघडी असतात, पण महाग. म्हणून बाजार शनिवारी सकाळी करा. संध्याकाळी रांगा लांब आणि भाजी शिळी. जाताना रिकाम्या बाटल्या न्या: एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीचे २५ सेंट मशीनमधून परत मिळतात.

आठवडी यादीत हे हमखास असू द्या. मसूर डाळ प्रत्येक दुकानात 'रोटे लिन्झन' नावाने मिळते आणि कुकरशिवाय १५ ते २० मिनिटांत शिजते. तूरडाळ आशियाई किंवा भारतीय दुकानातून महिन्याला एकदाच आणा. 'मागरक्वार्क'चा ५०० ग्रॅमचा डबा चक्क्याच्या अगदी जवळचा असतो. पातळ कापडात दोन तास टांगला तर श्रीखंड होतं. दिवाळी बहुधा सेमिस्टर सुरू झाल्यावरच येते, तेव्हा हे लक्षात ठेवा. पिठाच्या पाकिटावर आकडा असतो. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा; त्याच्या पोळ्या वातड होतात. 'फोलकॉर्न' म्हणजे कोंड्यासकट. कणीक मिळाली नाही तर दोन वाट्या फोलकॉर्नला एक वाटी ५५० घ्या आणि मळून अर्धा तास झाकून ठेवा.

फोडणीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण होस्टेलात छतावर धुराचा अलार्म असतो. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि खोट्या अलार्मचं बिल येऊ शकतं. आधी खिडकी पूर्ण उघडा आणि पॅसेजचं दार लावा. शेगडी ९ पर्यंतची असेल तर ५ किंवा ६ वर ठेवा. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणजे बटण बंद केलं तरी तेल तापतच जातं. सगळा घोळ इथेच होतो. मोहरी तडतडायला लागली की बटणाला हात लावण्याआधी कढलं शेगडीवरून उचला. हिंग, हळद आणि शेवटी मिरची, हे सगळं उचललेल्या कढल्यात. मिरची तापत्या तेलात पडली तर आधी सगळ्यांना ठसका लागतो आणि मग अलार्म वाजतो.

स्वयंपाकानंतर आणि रोज सकाळ-संध्याकाळ ५ ते १० मिनिटं खिडकी सताड उघडा, थंडीतही. दिवसभर किलकिली ठेवून उपयोग नाही; भिंत गार पडते, वाफ तिच्यावर बसते आणि बुरशी येते. ती साफ करायचा खर्च डिपॉझिटमधून जाऊ शकतो. खोलीत कपडे वाळवत असाल तर हे दुप्पट पाळा.

कपडे आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी धुवा, शनिवार-रविवारी मशीन मिळत नाही. चादरी-टॉवेल ६० अंशांवर, बाकी ३० किंवा ४०. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकू नका; आवाजाबद्दल तक्रार येते.

दर दोन दिवसांनी खालची पत्रपेटी उघडा. विमा, बँक, परदेशी नागरिकांची कचेरी, सगळे कागदावरच बोलतात आणि मुदत पत्रापासून चालू होते. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र (महिन्याला १८.३६ युरो) फसवणूक समजून फेकू नका. ते घरामागे एकच असतं, म्हणून शेअर्ड फ्लॅटमध्ये आधी कोण भरतं ते विचारा आणि वाटून घ्या.

नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारतं. दुपारच्या जेवणानंतर, मेन्झातून (विद्यापीठाच्या कॅन्टीनमधून) निघून, २० मिनिटं बाहेर चालून या. संध्याकाळी जाऊ म्हटलं तर उजेड उरत नाही.

घरच्या फोनची वेळ ठरवून टाका. रविवारी सकाळी ११ ठीक आहे: उन्हाळ्यात भारतात दुपारचे अडीच, जेवणं आटोपलेली असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि तेच ११ भारतात साडेतीन होतात. आदल्या शनिवारी आई-बाबांना तसं कळवून ठेवा, नाहीतर ते अडीचपासून फोन हातात धरून बसतील.