पाच मिनिटे न हललेली माशी

एम.एस्सी. झाल्यावर फळमाश्यांच्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प साहाय्यक म्हणून रुजू झाले, तेव्हा मेंदूतील झोपेचे जाळे आता आपल्याला उलगडणार अशा समजुतीत मी होते. प्रत्यक्षात पहिले दोन महिने मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवण्यात आणि बाटल्यांतील माश्या नव्या खाद्यावर पलटण्यात गेले. घरी आईला "चिलटांवर काम करते" एवढेच सांगत असे, आणि केळ्यांवर बसणारी ती हीच, हे कळल्यावर तिने पुढे विचारणे सोडून दिले. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हे दोन महिने वाया गेले असे समजू नये. संकरासाठी कुमारी माद्या वेचाव्या लागतात. 25 अंश तापमानात कोशातून बाहेर आल्यापासून साधारण आठ तासांच्या आत फिकट रंगाची, पोटात गडद ठिपका दिसणारी मादी ओळखता आली पाहिजे. मादी शुक्राणू साठवून ठेवत असल्यामुळे एक चुकीची मादीसुद्धा आख्खा संकर बिघडवते.

माशी झोपते हे 2000 साली अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. तेव्हापासून पाच मिनिटे सलग न हललेली माशी झोपलेली मानण्याचा प्रघात आहे. बोटाएवढ्या लांबीची, जेमतेम पाच मिलिमीटर रुंदीची काचनळी घ्यायची, एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला कापूस आणि मध्ये एकच माशी; नळीच्या मध्यावरून जाणारा अवरक्त किरण ती किती वेळा ओलांडते, हे यंत्र मोजते. रात्रीची झोप तर दिसतेच, पण नर माश्या दुपारी चांगली वामकुक्षीही घेतात.

माझा पहिला "मोठा" निष्कर्ष याच यंत्रावरचा. एका वाणाच्या माश्या दिवसाचे वीस तासांहून अधिक झोपत होत्या आणि मी तो आलेख साप्ताहिक बैठकीत अभिमानाने मांडला. मार्गदर्शकांनी आलेखाकडे फारसे न पाहता नळ्या आणायला सांगितल्या. निम्म्याहून अधिक नळ्यांतले खाद्य आक्रसून काचेपासून सुटले होते आणि त्यालाच चिकटून माश्या वाळून गेल्या होत्या. यंत्राच्या हिशेबी मेलेल्या माशीइतके गाढ कोणीच झोपत नाही. शिवाय एका टोकाला बसून निवांत खाणारी माशीही किरण ओलांडत नाही, म्हणून तीही झोपलेलीच धरली जाते. झोपलेली माशी टिचकी मारल्यावर उठली पाहिजे, जागीपेक्षा तिला उठवायला अधिक धक्का लागला पाहिजे आणि रात्रभर जागवल्यास दुसऱ्या दिवशी तिने झोप भरून काढली पाहिजे. या तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय मी आता झोप हा शब्द वहीत लिहीत नाही.

वासाचे काम मला अधिक आवडले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात जनुकातील बदलामुळे वास न ओळखणाऱ्या (उत्परिवर्तित) माश्या शोधल्या होत्या, त्यामुळे या विषयाची एक जुनी वाट आपल्याकडूनही जाते. माशीच्या शृंगिकांतील, म्हणजे डोक्यावरच्या मिशांतील, वास टिपणाऱ्या एकाच प्रकारच्या ग्राहीचे चेतातंतू मेंदूतील सुमारे पन्नास गोलकांपैकी ठरावीक एका गोलकात येतात. तिथून संदेश मशरूम बॉडी या वास शिकण्याशी निगडित भागात जातो, जिथे प्रत्येक बाजूला केनयन पेशी नावाच्या सुमारे 2,000 चेतापेशी असतात आणि एका वासाने त्यांतल्या थोड्याच जाग्या होतात. एका वासासोबत विजेचा सौम्य झटका द्यायचा आणि मग दोन वासांपैकी माशी कुठे जाते ते मोजायचे, असा प्रयोग मंद लाल उजेडात करतात, कारण लाल रंग माशीला जवळपास दिसत नाही. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल आणि मोगऱ्याचा गजरा यांना आमच्या खोलीत मज्जाव असे.

मशरूम बॉडीचा झोपेशीही संबंध आहे आणि जागवलेल्या माश्या वास शिकण्यात कमी पडतात. मात्र असा आकडा हाती आला की आधी पाहावे: थकलेल्या माशीला तो वास येतो का, झटका जाणवतो का? दोन्ही शाबूत असतील तरच शिकण्याबद्दल बोलावे. जाणत्यांनाही ही खबरदारी चुकत नाही. मेंदूतील पंख्याच्या आकाराच्या भागातल्या काही पेशी चेतवल्या की माशी झोपते, असे अनेक वर्षे, त्या पेशी चेतवता याव्यात म्हणून जनुकीय बदल करून बनवलेल्या एका ठरावीक वाणाच्या आधारे सांगितले जात होते. 2023 मध्ये दिसले की त्याच वाणात छातीतील चेतारज्जूच्या काही पेशीही चेतवल्या जातात आणि त्याही झोप आणतात.

प्रौढ मादीच्या मेंदूतील 1,39,255 चेतापेशींचा जोडणी-नकाशा 2024 पासून सर्वांना खुला आहे. प्रयोगशाळेत प्रवेश मिळण्याआधीच घरी बसून या नकाशात एक केनयन पेशी निवडावी आणि तिच्याकडे येणारे धागे मागे शृंगिकेकडून येणाऱ्या तंतूंपर्यंत शोधत जावे. मला पहिल्या खेपेला अख्खा रविवार लागला होता.